हार्टफर्डचा निळा घुमट

हार्टफर्डमधून आय-९१ हायवेने जाताना कनेक्टिकट नदीच्या काठी, विटांच्या जुन्या इमारतींच्या वर एक निळा घुमट दिसतो. कांद्याच्या आकाराचा, अंगावर सोनेरी चांदण्या, आणि टोकाला मागच्या दोन पायांवर उभं राहिलेलं शिंगरू. भारतातून आलेले पाहुणे गाडीत असले की कोणी ना कोणी विचारतंच, हे देऊळ कुठलं? रशियन चर्च आहे का? मग सांगते, हा पिस्तुलांचा कारखाना होता. सॅम्युएल कोल्टचा.

कोल्ट याच गावचा, जन्म १८१४ चा. एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या, फिरत्या चेंबरच्या पिस्तुलाचं अमेरिकन पेटंट त्याने १८३६ साली मिळवलं. न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये काढलेला पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. १८४७ साली मेक्सिकोशी युद्ध चालू असताना सैन्याकडून हजार पिस्तुलांची मागणी आली आणि त्याचं नशीब फिरलं. १८५५ पर्यंत त्याने हार्टफर्डच्या पूरक्षेत्रात नदीला बांध घालून हा अजस्र कारखाना उभा केला, कामगारांसाठी घरं बांधली. १८६२ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. दोन वर्षांनी कारखान्याला आग लागली, तेव्हा त्याची पत्नी एलिझाबेथ हिने तो घुमटासकट पुन्हा बांधून घेतला.

एलिझाबेथने आणखी एक वास्तू बांधली. कारखान्याजवळच, नवरा आणि लहानपणीच गेलेली मुलं यांच्या स्मरणार्थ एक चर्च. त्याचं नाव ‘चर्च ऑफ द गुड शेफर्ड’. या चर्चच्या एका दाराला ‘आर्मरर्स पोर्च’ म्हणतात, म्हणजे हत्यारं बनवणाऱ्या कारागिरांचं दार. तिथल्या दगडात वेलबुट्टीसारखी पिस्तुलं कोरली आहेत, पिस्तुलांचे सुटे भाग कोरले आहेत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तिथून हलले नाही. आमच्या घरी खंडेनवमीला आजोबांची तलवार पुजली जायची, तिच्यावर झेंडूचं फूल असायचं. शस्त्राला हात जोडणं मला परकं नाही. पण ती तलवार वर्षातून एकदा बाहेर निघायची. इथे ज्यांनी रोज लेथवर उभं राहून पिस्तुलं घडवली, त्यांच्यासाठी हे दार आहे. एलिझाबेथच्या लेखी त्या सुट्या भागांमध्ये तिच्या गावाची मेहनत होती, अन्न होतं, आणि तिचा नवरा होता. ते समजून घेतल्याशिवाय या देशाशी बंदुकीबद्दल बोलताच येत नाही, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं खोरंच बंदुकीवर वाढलेलं आहे. उत्तरेला मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्ड, तिथली सरकारी आर्मरी, म्हणजे शस्त्रांचा कारखाना, १७९४ पासून १९६८ पर्यंत चालली. त्याच गावात स्मिथ अँड वेसन ही पिस्तुलांची कंपनी वाढली. दक्षिणेला न्यू हेवनमध्ये विंचेस्टर ही बंदुकांची कंपनी होती. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत तंतोतंत बसला पाहिजे, या हट्टातून इथे मोजमापाची आणि यंत्रं बनवणाऱ्या यंत्रांची विद्या वाढली. फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी हे दोघे कोल्टच्या कारखान्यात काम केलेले कारागीर. त्यांनी पुढे स्वतःची यंत्रांची कंपनी काढली आणि तेच नाव घेऊन १९२५ मध्ये विमानांच्या इंजिनांची कंपनी सुरू झाली. नदीपलीकडच्या ईस्ट हार्टफर्डमध्ये ती आजही आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणारे कितीतरी इंजिनिअर तिथे नोकरीला आहेत. शिलाई मशीन, सायकली, टाइपरायटर, सगळ्यांनी या विद्येचा लाभ घेतला.

आणि कोल्टने आणखी एक गोष्ट शोधली, ती म्हणजे विक्री. राजेरजवाड्यांना कोरीवकाम केलेली पिस्तुलं नजर करायची. जॉर्ज कॅटलिन या नामवंत चित्रकाराला पैसे देऊन, कोल्टची बंदूक वापरतानाची शिकारीची चित्रं काढून घ्यायची आणि ती छापून वाटायची. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात पिस्तुलं मांडायची. बंदुकीबरोबर एक गोष्टही विकायची. पिस्तूल हातात आलं की तू कोण होशील, याची गोष्ट.

मी हार्टफर्डमध्ये इन्शुरन्सच्या डेटाबेसवर काम करते. या गावाला इन्शुरन्सची राजधानी म्हणतात आणि इथे आलेले निम्मे मराठी लोक त्याच कामासाठी आलेले असतात. जोखीम मोजणं, नोंदी ठेवणं, कुठल्या वस्तूने कोणाचं किती नुकसान झालं याचा हिशोब करणं हा आमचा धंदा. त्या सवयीमुळे असेल, पण अमेरिकेतला बंदुकीचा वाद ऐकताना मला सतत एक गोष्ट खटकते. एक बाजू शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीबद्दल बोलते, स्वातंत्र्याबद्दल बोलते. दुसरी बाजू हिंसेच्या संस्कृतीबद्दल, मनोविकारांबद्दल, पुरुषीपणाबद्दल बोलते. दोन्ही बाजू माणसाच्या आत डोकावतात. बंदूक ही कारखान्यात बनलेली, खोक्यात घालून विकलेली, जाहिरात केलेली एक वस्तू आहे, याकडे लक्ष फार कमी जातं. आणि वस्तू म्हणून तिच्याकडे पाहायला लागलं की दिसतं, इतर कुठल्याही वस्तूला नसलेली मोकळीक तिला कायद्यानेच दिलेली आहे.

१९७२ मध्ये ग्राहकांच्या वापरातल्या वस्तू सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी इथे एक फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, आयोग नेमण्याचा कायदा झाला. टोस्टर, पाळणा, शिडी, फटाके, सगळं या आयोगाच्या कक्षेत येतं. सदोष वस्तू बाजारातून परत बोलवायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. बंदुका त्यातून वगळल्या. म्हणजे खेळण्यातल्या पिस्तुलाला तो नियम लावू शकतो, त्या पिस्तुलाच्या टोकाला नारिंगी खूण हवी हे फेडरल कायदा सांगतो. पण खरं पिस्तूल चाप न ओढता उडत असेल, तर ते परत मागवा असं कंपनीला सांगू शकेल अशी एकही फेडरल यंत्रणा नाही.

हे नुसतं कल्पनेतलं उदाहरण नाही. रेमिंग्टन कंपनीची मॉडेल ७०० ही शिकारीची रायफल १९६२ पासून विकली जाते. चापाला बोट न लावता गोळी सुटते अशा तक्रारी तिच्याबद्दल कित्येक दशकं येत राहिल्या. सन २००० मध्ये मोंटानात शिकारीहून आल्यावर आई रायफल रिकामी करत होती, गोळी सुटली आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा गेला. रचनेत दोष नाही, ही भूमिका कंपनीने सोडली नाही. शेवटी ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि जवळजवळ ७५ लाख रायफलींचे चाप फुकट बदलून देण्याचं कंपनीने मान्य केलं. हे साधायला सरकारी नोटीस लागली नाही, कारण ती निघूच शकत नव्हती. न्यायालयं होती म्हणून हे झालं. त्या मुलाच्या वडिलांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

उद्योगातल्या एका कंपनीने एकदा वेगळी वाट धरली होती. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसनने क्लिंटन सरकारशी करार केला. प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूप देऊ, मालकाशिवाय कोणाला चालवता येणार नाही अशा पिस्तुलाचं तंत्रज्ञान विकसित करू, आपले दुकानदार नियम पाळतात का ते पाहू. बंदूकधारकांच्या संघटनांनी बहिष्कार पुकारला आणि विक्री कोसळली. ब्रिटिश मालकांनी १९८७ मध्ये ११ कोटी २० लाख डॉलरला घेतलेली ही कंपनी २००१ मध्ये दीड कोटी डॉलरला विकून टाकली. त्यानंतर तसा करार करायला कोणी धजावलं नाही. मला या घटनेचं फार वाईट वाटतं. उद्योगाच्या आतून सुधारणा होऊ शकेल असा तो एकच दरवाजा होता, आणि तो ग्राहकांनीच लावून घेतला.

२००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने आणखी एक कायदा केला. बंदूक वापरून कोणी गुन्हा केला, तर त्याबद्दल बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दिवाणी दावा लावता येणार नाही. काही अपवाद ठेवले. त्यातला एक असा, की विक्रीचा किंवा जाहिरातीचा कायदा कंपनीने जाणूनबुजून मोडला असेल तर दावा चालेल.

त्या अपवादाचं महत्त्व कळलं ते आमच्या राज्यात. १४ डिसेंबर २०१२. न्यूटाउन, सँडी हुक प्राथमिक शाळा. सहा-सात वर्षांची वीस मुलं आणि सहा मोठी माणसं. हल्लेखोराने आधी घरी आईला मारलं होतं, बंदूक तिनेच कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. बुशमास्टर कंपनीची, लष्करी रायफलीच्या धर्तीवरची एआर-१५ प्रकारची रायफल, पाच मिनिटांच्या आत दीडशेहून जास्त गोळ्या. बंदूक उद्योगाच्या राष्ट्रीय संघटनेचं मुख्यालय त्या वेळी न्यूटाउनमध्येच होतं, शाळेपासून काही मैलांवर. या राज्यात अंतरं कमी आहेत.

माझी मुलगी आज त्याच वयाची आहे. तिच्या शाळेत लॉकडाउनची, म्हणजे हल्लेखोर आला तर काय करायचं याची, तालीम होते. दिवे बंद, दाराला कुलूप, मुलं कोपऱ्यात गप्प बसतात. ती घरी येऊन सांगते की आज ती अजिबात हसली नाही आणि टीचरने तिला शाबासकी दिली. मी तिला जवळ घेते. त्या शाबासकीचा राग मला शब्दांत मांडता येत नाही, म्हणून मी कायद्याची कलमं वाचते.

सँडी हुकच्या नऊ कुटुंबांनी २०१४ मध्ये रेमिंग्टनवर दावा लावला. बुशमास्टर तेव्हा त्याच समूहात होती. त्यांच्या वकिलांनी कनेक्टिकटचा अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धचा कायदा पुढे केला. कपडे, गाड्या, अशा सगळ्यांच्या फसव्या किंवा घातक विक्रीला लागू होणारा साधा राज्य कायदा. त्यांनी बुशमास्टरच्या जाहिराती कोर्टापुढे ठेवल्या. त्यातल्या एका जाहिरातीत रायफलीच्या चित्राबरोबर पुरुषाला सांगितलं होतं की तुझं मर्दपणाचं कार्ड तुला परत मिळालं असं समज. कोल्टने चित्रकाराकडून करून घेतलं होतं तेच काम दीडशे वर्षांनी अधिक उघडपणे केलेलं. युद्धासाठी घडवलेल्या हत्याराची जाहिरात तरुण मुलांना एकट्याने हल्ला करायला चिथावेल अशी करणं हीच बेकायदा व्यापारी प्रथा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २०१९ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी दावा पुढे चालवायला परवानगी दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांची हजारो पानं जाहीर करण्याचा हक्क कुटुंबांना मिळाला.

पैसे कोणी दिले? रेमिंग्टन तोवर दिवाळखोरीत निघाली होती. पैसे तिच्या चार विमा कंपन्यांनी दिले. ही बातमी मी ऑफिसमध्ये वाचली आणि माझ्या धंद्याबद्दल मला प्रथमच काहीतरी मोठं वाटलं. कारण विमा कंपनीला घटनादुरुस्तीशी देणंघेणं नसतं. अशा जाहिरातीने आपल्याला किती भुर्दंड पडेल, हे ती विचारते, आणि ते पाहून हप्ता ठरवते किंवा विमा नाकारते. बाकी प्रत्येक वस्तू या प्रश्नामुळे थोडी थोडी सुरक्षित झाली आहे. २००५ च्या कायद्याने बंदुकीच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न मिटवून टाकला होता. त्या कुटुंबांनी तो पुन्हा विचारायला लावला.

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये आणि पुढच्या वर्षी न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाने या अपवादाचा आधार घेऊन, उद्योगावर दावे लावता येतील असे राज्य कायदे केले. मेक्सिकोने स्मिथ अँड वेसनवर लावलेला दावा मात्र जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. वाट अरुंद आहे, पण ती आहे.

डेटाबेसवाली म्हणून मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी जागा वेस्ट व्हर्जिनियात आहे. मार्टिन्सबर्ग. गुन्ह्यात सापडलेली बंदूक मूळ कोणी घेतली होती हे शोधण्याचं राष्ट्रीय केंद्र तिथे आहे. अलीकडच्या वर्षांत दरवर्षी पाच लाखांहून जास्त बंदुकांचा माग तिथे काढला जातो. कसा? बंदुकीवरचा नंबर पाहून आधी बनवणाऱ्या कंपनीला विचारायचं, तिने ठोक विक्रेता सांगितला की त्याला, मग दुकानदाराला. दुकानदार आपल्याकडचे फॉर्म काढून नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याचे कागद खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गला आलेले असतात. ते स्कॅन होतात, पण त्या चित्रांमध्ये माणसाचं नाव टाकून शोधता येईल अशी सोय करायला बंदी आहे. १९८६ च्या कायद्याने बंदूकधारकांची राष्ट्रीय यादी करायला मनाई केली, आणि काँग्रेसने त्या मनाईला आणखी अटींची जोड दिली. म्हणून आजही कर्मचारी पान उलटल्यासारखी एकेक प्रतिमा पाहत बसतात. जे काम एका साध्या इंडेक्सने क्षणात होईल, ते न होऊ देण्यासाठी एका देशाने कायदा लिहिला आहे. खून झालेल्या घरातली माणसं तिकडे उत्तराची वाट पाहत असतात.

माझ्या एका मित्राकडे पिस्तूल आहे. मराठी, दोन मुलांचा बाप, २०२० च्या उन्हाळ्यात त्याने परवाना काढला. त्या वर्षी देशभर बंदुकांची विक्रमी विक्री झाली आणि आशियाई लोकांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येत होत्या. “पोलीस येईपर्यंत मी काय करू, तूच सांग,” असं तो म्हणाला. त्याच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. परक्या देशात रात्री दारावर थाप पडली की मलाही धडकी भरते. कनेक्टिकटमध्ये परवाना सहज मिळत नाही. सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आधी गावाची मग राज्याची मंजुरी लागते. १९९५ पासून इथे पिस्तुलासाठी हा नियम आहे, आणि त्यामुळे बंदुकीने होणारे खून घटल्याचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्याला हे सगळं पटतं. आमच्या दोघांच्याही डोक्यात बंदूक म्हणजे परवाना हे समीकरण पक्कं आहे. माझ्या वडिलांच्या आजोळी, लांज्याकडे, रानडुकरांपासून शेत राखायला एक बंदूक होती. वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते परवान्यात लिहिलेलं, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. बाबा इथे आले तेव्हा खेळाच्या सामानाच्या दुकानात गळ आणि तंबूंच्या पुढच्या रांगेत रायफली पाहून त्यांनी आधी मला आणि मग सेल्समनला विचारलं, “या खऱ्या आहेत?”

मित्राला मी आकडा सांगितला. २०२३ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४६,७०० हून अधिक माणसं मेली, त्यातल्या २७,००० हून अधिक आत्महत्या होत्या. दाराबाहेरच्या माणसासाठी आणलेली वस्तू बहुतेक वेळा घरातल्याच माणसावर चालते. वयात येणारा मुलगा, परीक्षा, एक वाईट संध्याकाळ. त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. मग तो मला आत घेऊन गेला आणि त्याने तिजोरी दाखवली. इथे कायदा आहे, घरात ठेवलेली बंदूक भरलेली असो की रिकामी, कुलपातच हवी. त्याची तिजोरी बोटाच्या ठशाने उघडते, आणि मुलांना ती कुठे आहे हेही माहीत नाही, असं तो म्हणाला. मुलांना माहीत असतंच, असं मी म्हटलं. त्याची बायको म्हणाली, मोठ्याला माहीत आहे. त्या रात्री तिजोरीची जागा बदलली.

आता मुलगी कोणाकडे खेळायला जाणार असली की मी फोनवर विचारते, घरात बंदूक आहे का आणि ती कशी ठेवता. अमेरिकन आया हे सहज विचारतात आणि सहज सांगतात. मराठी घरांत विचारताना जड जातं, समोरच्याला वाटतं आपल्यावर संशय घेतला. तरी विचारते, आधी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सांगते आणि लगेच हे.

मार्टिन्सबर्गवर मात्र मित्राचं आणि माझं जुळत नाही. नावांची यादी केंद्र सरकारच्या हातात नको, हे तो इथल्या जुन्या बंदूकधारकांइतक्याच ठामपणे म्हणतो. तुझं नाव राज्याकडे आधीच आहे, असं मी म्हणते. राज्याकडे आहे तेवढं पुरे, असं त्याचं उत्तर. पण जाहिरातींच्या बाबतीत, कारखान्यातूनच कुलपासकट बंदूक यावी या बाबतीत, सदोष चाप परत मागवण्याचा अधिकार कोणाला तरी असावा या बाबतीत तो माझ्याहून आग्रही आहे, कारण वस्तू त्याच्या घरात आहे. हार्टफर्डच्या विधानभवनातल्या जाहीर सुनावणीत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. पुढच्या अधिवेशनात आम्ही दोघांनी नावं द्यायचं ठरवलंय. तो बंदूकधारक म्हणून कुलपांवर बोलेल, मी जाहिरातींवर. मार्टिन्सबर्गचा विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला, त्यासाठी वॉशिंग्टनला पत्र लिहावं लागेल, आणि त्यावर सही माझ्या एकटीची असेल.